हजेरीवहीतले दोन दिवस

लिहून ठेवणार: मोतीराम काळू निरगुडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, निवृत्त टाइमकीपर, राहणार भाभानगर, नाशिक.

हे मृत्युपत्र मी माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, दिवसाउजेडी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूसच नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला आजची तारीख, वार आणि शहराचे नाव विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनीच हात जोडले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणाला तसे सापडले तर ते खोटे समजावे.

१. भाभानगरातील तीन खोल्यांचा फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तो माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा ज्ञानेश याला मिळावा. तो पुण्यात असतो, इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. विकलास तरी माझी हरकत नाही, मात्र घर दाखवायला आलेल्यांसमोर आईच्या फोटोला हार घालून ठेवू नकोस, तिला असले देखावे आवडत नसत.

ज्ञानेश दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल करतो. मी त्याआधी दाढी करतो आणि कॉल संपेपर्यंत तोंड हसरे ठेवतो. फोन बंद होता होता "बाबा एकदम मजेत आहेत" असे त्याने बायकोला सांगितलेले मी दोनदा ऐकले आहे. ज्ञानेश, मी मजेत नव्हतो. दोष तुझा नाही. चौतीस वर्षे मी आठशे कामगारांच्या येण्या-जाण्याची मिनिटे लिहिली, पण तू शाळेतून किती वाजता घरी येतोस हे मला कधी माहीत नव्हते. तू निदान रविवारी अकराला येतोस.

२. बँकेतल्या ठेवींवर वारस म्हणून ज्ञानेशचे नाव लागलेले आहे, त्यात बदल नाही. माझी पत्नी आशा हिचे दागिने सुनेला द्यावेत. त्यातली एक नथ मोडकी आहे. ती मीच मोडली, चुकून पाय पडून, आणि आशाला आठ दिवस सांगितले नाही. ही माझी सवय जुनी आहे, पुढे कलम सहा वाचताना हे लक्षात ठेवावे.

३. तानुबाई ही पेठकडची बाई गेली नऊ वर्षे सकाळी येऊन माझा स्वयंपाक करते. फ्रिज, मिक्सर, दोन्ही गॅस सिलिंडर आणि गोदरेजचे छोटे कपाट तिला द्यावे. कपाट तिच्या घरी पोहोचवायचा टेम्पो ज्ञानेशने करून द्यावा, बाईला "घेऊन जा" म्हणून मोकळे होऊ नये. मी घरात हसण्याचा सराव करायचो तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "बाबा, तुमी हसताय का खोकताय, मला कळतच नाय. पानी आणू का?" तिच्याइतके खरे मत मला कोणी दिले नाही.

४. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी केली तिथल्या पर्सोनेल ऑफिसरने माझ्या निरोप समारंभात माइकवर सांगितले होते की निरगुड्यांच्या मस्टरमध्ये चौतीस वर्षांत खाडाखोड नाही आणि चेहऱ्यावर चौतीस वर्षांत हसू नाही. सगळे हसले. ते साहेब हयात असतील तर त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. माझे चार रंगांचे पेन, रबरी शिक्के आणि टेबलावरचे घड्याळ भंगारात न घालता ज्याला हवे असेल त्याला द्यावे. कोणाला हवे असेल असे वाटत नाही.

५. आमच्या हास्य क्लबाच्या ऑगस्ट २०१७ पासूनच्या नऊ हजेरीवह्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहेत. त्या क्लबाच्या अध्यक्षा थेटेबाई यांच्याकडे द्याव्यात.

या वह्या काय आहेत ते ज्ञानेशला कळावे म्हणून लिहितो. आशा गेल्यावर माझा रक्तदाब वाढला आणि झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, "काका, सकाळी कुठंतरी हसायला जा." आमच्या बागेत सकाळी साडेसहाला वीस-पंचवीस म्हातारी माणसे गोल करून, हात वर करून हसत असत. मी ती रस्त्यावरून पाहिली होती आणि ही सगळी कामातून गेलेली आहेत असे ठरवूनही टाकले होते. तरी गेलो, कारण पहाटे साडेचारपासून छताकडे बघत बसण्यापेक्षा ते बरे होते.

पहिल्या दिवशी मी खिशात हात घालून उभा राहिलो. शेजारी एक उंच, दाढीवाला गृहस्थ होता. शौकत. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षे ट्रम्पेट वाजवलेला माणूस, छाती अजून भात्यासारखी. त्याचे हसू खालून एका लांब "हो"ने निघायचे आणि शेवटी वर जाऊन फुटायचे. बागेबाहेरचे रिक्षावालेसुद्धा ते ऐकून हसत. मला तो म्हणाला, "हसू येत नाय तर राहू दे यार. नुसता उभा राहा. तुझ्या वाटचं मी हसतो."

सात वर्षे तो माझ्या वाटचे हसला. मला हसणे जमले नाही, म्हणून मी हजेरीवही धरली. ते मला जमते. वहीबरोबर मी एक नियमही केला: न कळवता कोणी गैरहजर राहिला, तर क्लब सुटल्यावर त्याच दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचे. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तोंड बघून परत यायचे. आधी सगळ्यांनी माझी टिंगल केली, शाळेतसुद्धा इतकी कडक हजेरी नसते म्हणाले. मग एका सकाळी साखर उतरून बेशुद्ध पडलेले एक आजोबा या नियमामुळे वाचले, तेव्हापासून टिंगल थांबली. लॉकडाऊनमध्ये बाग बंद होती, तेव्हा मी रोज साडेसहाला एकेकाला फोन करी. समोरच्याने एकदा हसायचे आणि मी खूण करायची. शौकतची बायको सुरय्या त्या काळात गेली. पाचव्या दिवशी मी फोन केला तर तो म्हणाला, "आज तू हस, मोतीराम." मी प्रयत्न केला. तो बराच वेळ फोन धरून होता.

आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई दर महिन्याला सर्वांचा रक्तदाब मोजत. मी तो वहीत शेवटच्या रकान्यात लिहीत असे. क्लबाच्या फलकावर लिहिले आहे की हसण्याने आयुष्य वाढते. वाढत असेल. माझ्या वह्यांवरून मला एवढेच दिसले की मोठ्याने हसणाऱ्यांचे आणि माझ्यासारख्या सुतकी चेहऱ्याच्यांचे आकडे फार वेगळे नव्हते. रोज येणाऱ्यांचे आणि कधीमधी येणाऱ्यांचे मात्र होते. आपण आलो नाही तर आठच्या आत कोणीतरी दार वाजवणार, हे ज्याला माहीत आहे त्याला झोप लागते. मला लागू लागली. शिवाय क्लब सुटल्यावर मी आणि शौकत मुंबई नाक्याजवळच्या टपरीवर चहा प्यायचो. चाळीस मिनिटे. दिवसभरातले माझे बोलणे तेवढेच.

६. आता जे लिहितो ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

आमच्या क्लबात पद्धत आहे की सदस्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की त्याच्या हसण्याचा एक व्यायाम करायचा. सिंह हास्य, ताक घुसळल्यासारखे हात फिरवून ताक हास्य, तसे आमच्याकडे 'शौकत हास्य' सुरू झाले. सगळे जण त्याच्यासारखा लांब "हो" काढत. थेटेबाईंना तर ते असे साधले होते की पाठ करून उभे राहिले तर फरक कळू नये.

फेब्रुवारी २०२४ च्या दोन तारखेला माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. उजवा आधीच धुरकट. काळा चष्मा लावून मी बागेत बाकावर बसायचो, समोर नुसत्या आकृत्या हलायच्या. थेटेबाई म्हणाल्या, "निरगुडे भाऊ, आठ दिवस वही मी धरते." मी म्हणालो, "गरज नाही. मी आवाजावरून ओळखतो." आणि खरेच, रविवारी आणि सोमवारी एकही चूक झाली नाही. मला त्याचा गर्व झाला.

मंगळवारी, सहा तारखेला, शौकत हास्य झाले. तो लांब "हो" ऐकला आणि मी शौकतपुढे हजर लिहिले. बुधवारीही तसेच. डोळ्यात थेंब घालायचे म्हणून त्या आठवड्यात मी चहाला न थांबता थेटेबाईंच्या स्कूटीवर मागे बसून थेट घरी येत होतो, त्यामुळे मला शंकाही आली नाही.

गुरुवारी थेटेबाईंनी विचारले, "शौकतभाई अजून मनमाडहून आले नाहीत का?"

"असं का विचारता?"

"दोन दिवस दिसले नाहीत. वहीनं कुणाला घरी पाठवलं नाही, म्हणून मला वाटलं, तुम्हाला सांगून लेकीकडे गेलेत."

आम्ही त्याच्या वडाळा नाक्याच्या खोलीवर गेलो. शेजारचे कुटुंब लग्नाला मालेगावी गेले होते. कडी तोडावी लागली. मंगळवारी पहाटे नमाजाआधी वजू करायला गेलेला शौकत मोरीत पडला होता, खुब्याचे हाड मोडून. दोन दिवस, दोन रात्री तो ओल्या टॉवेलचे पाणी चोखत तिथे होता. आम्हाला बघून तो एवढेच म्हणाला, "किती वाजले?"

त्या संध्याकाळी मी घरी येऊन वही उघडली आणि ब्लेडने ते दोन दिवस खरवडले. त्यावर 'रजा' लिहिले. चौतीस वर्षांत न केलेली खाडाखोड मी त्या दिवशी केली.

शनिवारी, खुब्याच्या ऑपरेशननंतर, आम्ही त्याला दवाखान्यात भेटलो. त्याची मुलगी निलोफर मनमाडहून आली होती, थेटेबाईही होत्या. शौकत हळूहळू बोलत होता. "पहिल्या दिवशी मी घाबरलो नाय. म्हटलं, मोतीरामच्या वहीत गैरहजेरी लागेल, आठ वाजता दोघं दारात. आठ वाजले. म्हटलं, आज उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी परत आठची वाट बघितली."

निलोफर माझ्याकडे वळली. "चाचा, तुमच्या वहीत काय लागलं होतं?"

मी म्हणालो, "रजा. अरे शौकत, तूच नाही का मला म्हणालास, दोन दिवस मनमाडला चाललोय म्हणून?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "मी? मी म्हणालो?" मग लेकीकडे बघून म्हणाला, "म्हणालो असेन. बुढापा आहे, बेटा."

त्या एका वाक्यावर पुढचे सगळे झाले. निलोफरला वाटले अब्बा विसरायला लागले. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांना तो घाबरून उत्तरे देऊ लागला आणि चुकू लागला. स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू झाल्या. एकटे राहिले तर गॅस चालू ठेवतील, म्हणून तिने वडाळा नाक्याची भाड्याची खोली सोडली आणि त्याला मनमाडला नेले. तिथे बाग नाही, टपरी नाही, ओळखीचे कोणी नाही. निलोफरचे काहीच चुकले नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

मी तेव्हाच का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. मला भीती होती वही जाण्याची. हसता मला येत नाही; वही गेली तर त्या गोलात मला कोण कशासाठी उभे करणार होते?

मी त्याला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा त्याने एकच विचारले. "मोतीराम, मी तुला कुठं सांगितलं होतं रे? बागेत का चहावर?" दोनदा मी विषय बदलला. तिसऱ्यांदा म्हणालो, "चहावर." त्यानंतर माझ्याने फोन करवला नाही. शौकत हास्य क्लबात अजून रोज होते. मी ते ऐकतो आणि वहीत मान घालून बसतो. मला पुन्हा झोप लागत नाही.

म्हणून मी जाहीर करतो की ६ व ७ फेब्रुवारी २०२४ च्या गैरहजेरीबद्दल शौकत याने मला काहीही सांगितलेले नव्हते. त्याला तेव्हा विस्मरण नव्हते. चूक माझी आणि खोटेही माझे. थेटेबाईंनी वहीतल्या त्या दोन नोंदी लाल शाईने दुरुस्त कराव्यात.

७. या कलमात आधी मी माझ्या फ्लॅटमधील एक खोली शौकतला हयातभर राहायला देणार होतो. वकिलांनी तो कागद पाहिला आणि मी साक्षीदार म्हणून लिहिलेल्या नावावर बोट ठेवले. म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष करू नये, नाहीतर त्याला दिलेलं रद्द होतं. आणि तसंही निरगुडे साहेब, या गृहस्थांना स्मरणशक्तीच्या गोळ्या चालू आहेत म्हणता. साक्षीदार शुद्धीतला हवा."

मी म्हणालो, "तो शुद्धीतला आहे. तेच तर मला लिहून द्यायचं आहे."

तेव्हा खोली रद्द केली आहे. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, मी मेल्यावर मिळणारी खोली त्याच्या काय कामाची? त्याला नाशिकला यायचे असेल तर माझी मागची खोली आजही रिकामी आहे आणि त्यासाठी मृत्युपत्र लागत नाही. या कागदावर पहिला साक्षीदार शौकतच असेल, आणि सही करण्यापूर्वी मी त्याला हे सर्व वाचून दाखवीन.

८. मी गेल्यावर क्लबाने शोक म्हणून हसणे बंद ठेवू नये. माझ्या नावापुढे त्या दिवशी गैरहजर लिहावे आणि नियमाप्रमाणे दोघांनी घरी यावे. तानुबाई चहा करेल. दिवसपाणी, जेवणावळ काही करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्ञानेशने करावी, आणि कलम सहा वाचून झाल्यावर मला फोन करता येणार नाही याचे त्याने वाईट वाटून घेऊ नये.

नाशिक येथे दिनांक ८ नोव्हेंबर २०२५ रोजी इथवर लिहिले.

पुढील मजकूर मनमाड येथे, निलोफरच्या घरी, त्याच पेनाने लिहिला आहे.

आज सकाळच्या एसटीने आलो. शौकत पलंगावर बसला होता, जवळ वॉकर. खूप वाळला आहे. मला बघून म्हणाला, "आलास?" मी नमस्कार-चमत्कार न करता कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, कारण थांबलो असतो तर पुढे वाचवले नसते. कलम सहा वाचताना निलोफर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझे वाचून झाले.

मग शौकत लेकीला म्हणाला, "ऐकलंस ना? मी विसरलो नव्हतो."

ती रडायला लागली. त्याने पुन्हा तेच म्हटले, जरा मोठ्याने. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. "पावणेदोन वर्षं मी तो चहा आठवतोय. रोज. तू शर्ट कोणता घातलेला, टपरीवाल्यानं पाव जळका दिला म्हणून तू भांडलास, सगळं आठवायचं. पण मी मनमाडचं बोललो ते काय आठवायचं नाय. मग वाटायचं, गेलं डोकं. बाकीचं पण जाणार आता. रात्री लेकीचं नाव मनात म्हणून बघायचो, आहे का अजून."

मी म्हणालो, "शौकत, माझं चुकलं."

"पडलो त्याचं काय नाय," तो म्हणाला. "माणूस पडतो. हे का केलंस?"

याचे उत्तर मी कलम सहामध्ये लिहिले आहे, पण त्याच्यासमोर ते मला तोंडाने म्हणता आले नाही. माफ केले असे तो बोलला नाही आणि मी मागितलीही नाही. मागच्या खोलीबद्दलही तो काही बोलला नाही. त्याने चष्मा मागवला, कागद हातात घेतला आणि सगळा मजकूर स्वतः पुन्हा वाचला. त्याला पाऊण तास लागला. एका ठिकाणी थांबून म्हणाला, "टॉवेल नव्हता. सुरय्याची ओढणी होती." मी कलम सहामध्ये टॉवेल लिहिला आहे, तिथे ओढणी वाचावे.

निलोफरने ताट वाढले. तो म्हणाला, "जेवून जा." मी जेवलो. त्याच्या समोर बसून जेवलो, कोणी हसले नाही. नंतर मी सही केली आणि दोघांनी ती करताना मला पाहिले.

लिहून ठेवणार: मोतीराम काळू निरगुडे (सही)

साक्षीदार १: शौकत करीम शेख, वय ७९, निवृत्त बँडवादक, सध्या राहणार मनमाड (सही)

साक्षीदार २: निलोफर, शौकत शेख यांची मुलगी, राहणार मनमाड (सही)

ठिकाण: मनमाड. दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

पहिल्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला शेरा:

सगळं मी स्वतः वाचलं. मला सगळं आठवतं.